दरवाजाचं रबर, थांबवलेला चेक अन् नागपूरहून आलेली नोटीस

हिंगणघाट तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा प्रश्न आहे. पत्र बरंच लांब आहे, मी कमी शब्दांत मांडतो. भाऊंनी २०२१ च्या दिवाळीत ओसरी बंद करून घेतली आणि समोरून चार पल्ल्यांचा अल्युमिनियमचा फोल्डिंग दरवाजा बसवला, काम नागपूरच्या एका फॅब्रिकेटरचं. यंदा उन्हाळ्यात पाहिलं तर पल्ल्यांमधलं रबर कडक होऊन तडकलेलं, खालचे ब्रश झिजून गेलेले, फटीतून उजेड दिसू लागलेला. त्याच माणसाला मे महिन्यात सगळे सील बदलायचं काम दिलं, १८,५०० ठरले, १०,००० आधीच फोनवरून पाठवले आणि बाकी ८,५०० चा जूनची तारीख टाकलेला चेक दिला. दोन पोट्टे आले, जुनं काही काढलं, काही तसंच ठेवून वरून नवीन चिकटवलं, जिकडंतिकडं सिलिकॉन मारलं अन् गेले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी घरात, भाव वाढंल म्हणून ठेवलेल्या कापसातला सहा-सात क्विंटल खालून भिजला आणि वरतून दरवाजा आता नीट लागतच नाही. फोन केला तर फॅब्रिकेटर म्हणतो दरवाजाच म्हातारा झाला, नवीन घ्या, ९२ हजार लागतील. भाऊंना राग आला, त्यांनी बँकेत जाऊन चेकचं पेमेंट थांबवलं. आता पाच दिवसांपूर्वी वकिलाची नोटीस आली आहे, चेकचे ८,५००, नोटिशीचा खर्च ५,००० आणि मानसिक त्रासाचे १५,००० द्या, नाहीतर चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम १३८ ची केस. भाऊ विचारतात, नुकसान माझं झालं अन् जेलात मीच जाऊ काय?

नाही जात भाऊ, पण आधी घड्याळ पाहा. पाच दिवस गेले आहेत.

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत अन् तुम्ही दोन्ही एकाच रागानं लढून राहिले. एक आहे चेकचं, दुसरं खराब कामाचं. पहिल्यात कायदा त्याच्या बाजूनं झुकलेला आहे, दुसऱ्यात तुमच्या. म्हणून पहिलं लवकर संपवा आणि दुसरं जोरात लढा, माझा सल्ला एवढाच आहे, पण तो तुम्हाला आवडणार नाही कारण याचा अर्थ ते ८,५०० रुपये त्याला देऊन टाका असा होतो.

काहून देऊ म्हणाल. "पैसे नव्हते म्हणून नाही, मी स्वतः पेमेंट थांबवलं, मग ते बाउन्स कसं" हे तुम्ही लिहिलंय आणि बरेच लोक असंच समजतात. पण स्टॉप पेमेंटनं परत गेलेला चेकसुद्धा १३८ मध्ये बसतो, सुप्रीम कोर्टानं १९९८ मध्येच हे सांगून ठेवलंय. त्यातून कलम १३९ असं की चेक दिला म्हणजे तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी धरूनच चालतं, तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. तुमच्याकडं उत्तर आहे, काम धड झालंच नाही तर देणं कसलं, आणि ते उत्तर कदाचित टिकेलही. पण ते सांगायला जायचं कुठं? २०१५ च्या दुरुस्तीनंतर असा चेक ज्यानं आपल्या खात्यात भरला त्याचं खातं ज्या शाखेत असेल तिथल्या कोर्टात केस चालते, म्हणजे नागपूरला. पेरणी-डवरणीच्या दिवसात तारखेला नागपूर, वकील, जामीन, वरतून २०१८ पासून केस चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी भरायला लावायचा अधिकार कोर्टाला आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही, कागदावर तरी तसंच लिहिलंय. गुन्हा जामीनपात्र आहे, आपसात मिटवताही येतो, पहिल्याच दिवशी कोणी बेड्या घालत नाही, पण ८,५०० साठी एवढी उस्तवार कोणी करायची.

आणि मुख्य गोष्ट, आज तुमच्यावर गुन्हा झालेलाच नाही. चेक परत गेल्याबरोबर गुन्हा होत नाही, नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर होतो. म्हणजे तुमच्याकडं अजून दहा दिवस आहेत. द्यायचे फक्त चेकचे ८,५००. नोटीस खर्च अन् मानसिक त्रास हे जे वीस हजार त्यानं वर जोडलेत ते १३८ साठी द्यायची गरज नाही, कायदा चेकच्या रकमेपुरतंच बोलतो. (त्याला मानसिक त्रास! कापूस तुमचा भिजला अन् त्रास त्याला, कमाल आहे बाप्पा.) हे जास्तीचे पैसे मागितले असल्यामुळं नोटीसच चूक आहे असं म्हणून सुटता येईल या भरवशावर राहू नका, चेकची रक्कम वेगळी दाखवलेली असली की नोटीस चालते.

देताना रोख देऊ नका. बँकेतून ट्रान्सफर करा अन् सोबत स्पीड पोस्टानं, पोच मिळेल असं, नोटिशीला उत्तर धाडा की चेकची रक्कम अमुक तारखेला जमा केली आहे, पण काम सदोष आहे ही माझी तक्रार कायम आहे, ही रक्कम मी माझे सगळे हक्क राखून देत आहे आणि ती परत मागणार आहे, मूळ चेक मला परत करा. "हक्क राखून" हे शब्द उत्तरात आलेच पाहिजेत, नाहीतर उद्या तोच म्हणंल की पाहा, काम पसंत होतं म्हणून तर पैसे दिले.

आता दुसरं भांडण, इथं मजा आहे.

तुम्ही विचारलंय की दरवाजा चार वर्षांत कसा खराब झाला, त्याच्यावर आणि प्रोफाइल बनवणाऱ्या कंपनीवर पण केस करता येईल का. नका करू. रबराचे सील अन् ब्रश ही झिजणारीच वस्तू आहे, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, ऊन थेट दरवाजावर, त्यात रबर कडक होणं, आकसणं, तडकणं होणारच. तो दोष नाही, वापर आहे. शिवाय ग्राहक कायद्यात कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते आणि दरवाजा २०२१ चा. जुन्या दरवाजाचं रडगाणं तक्रारीत घातलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसंल. तुमची केस दरवाजाची नाहीच, मे महिन्यातल्या दुरुस्तीची आहे. ती सेवा होती, तिचे पैसे घेतले, त्या सेवेत कमतरता आहे. "दरवाजाच म्हातारा झाला" हे त्याचं उत्तर इथंच पडतं, कारण म्हातारा झाला होता तर मे मध्येच सांगायचं होतं न, १८,५०० घेऊन सील काहून बदलले?

कमतरता नेमकी काय ते तुमच्या फोटोंवरून मला जे दिसलं ते सांगतो, तक्रारीत असंच लिहा. पल्ल्याच्या खाचेत बसणारं रबर त्या खाचेच्या मापाचं लागतं, त्यांनी जाड माल आणून तो खाचेत न बसवता वरून चिकटवलेला दिसतोय, म्हणून पल्ले एकमेकांना दाबून येत नाहीत अन् बिजागऱ्यांवर ताण येऊन राहिला. असल्या दरवाजाला साधारण जे काळं ईपीडीएम रबर असतं त्याला सिलिकॉन धड धरत नाही, ते सुटणारच होतं. कोपऱ्यात रबर ताणून लावलं की काही दिवसांनी ते आकसतं आणि कोपरा उघडा पडतो, तुमच्या तिसऱ्या पल्ल्याचा कोपरा पाहा. पण सगळ्यात मोठा पुरावा वेगळाच आहे. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं असतात, आत आलेलं पाणी तिथून बाहेर जावं म्हणून. तुमच्या फोटोत ती भोकंच सिलिकॉननं बुजवलेली आहेत! मग ट्रॅकचा हौद झाला अन् भरला की पाणी घरात. हे झिजण्यानं होत नाही, हातानं केल्याशिवाय होत नाही. त्या भोकांचे जवळून फोटो काढा, बाजूला पट्टी धरून.

तुमच्या साळ्यानं सांगितलंय की केस संपेपर्यंत दरवाजाला हात लावायचा नाही. अर्धं बरोबर आहे. पुरावा गोळा होईपर्यंत हात लावू नका, पण पूर्ण पावसाळा पाणी घेत बसू नका, कारण करार कायद्याचं कलम ७३ असं म्हणतं की नुकसान टाळायचा जो मार्ग हाती होता तोही भरपाई ठरवताना पाहिला जाईल. म्हणून दोन-तीन दिवसांत एवढं उरका: बाहेरून पाइपनं पाणी मारून आत कुठून येतं त्याचा व्हिडिओ एकसलग काढा, हिंगणघाट किंवा वर्ध्यातल्या दुसऱ्या कोणा फॅब्रिकेटरला आणून लेखी अभिप्राय घ्या की काय चुकलं अन् नीट करायला किती लागतील, त्याच्या सहीनिशी, पुढं तो शपथपत्र देईल का हेही आताच विचारा. एखादा इंजिनिअर मिळाला तर अजून चांगलं. मग दुरुस्त करून घ्या, पक्कं बिल घ्या आणि काढलेले रबराचे तुकडे एका पोत्यात भरून ठेवा, जाळू नका. फोन बदलायचा विचार असेल तर थांबा, व्हॉट्सॲपचे मेसेज अन् फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, त्यांच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडायचं, नमुना कोणताही वकील देईल.

तक्रार वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तो नागपूरचा असला तरी चालतं, २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांच्या आत असला तर फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहायला हरकत नाही, कधीकधी तेवढ्यानंच समोरचा नरम येतो. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, तपासणी लागली तर पाच, पण प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. पोलिसात ४२० करा हा सल्ला कोणी दिला असेल तर सोडा, ते कलम आता नव्या न्याय संहितेत ३१८ झालंय आणि काम वाईट केलं म्हणजे फसवणूक होत नाही, आधीपासूनच फसवायचा इरादा दाखवावा लागतो. गावच्या तंटामुक्तीत बसून मिटत असेल तर चांगलंच, पण नागपूरवाला येणार काय?

तुम्ही पक्कं बिल मिळालं नाही लिहिलंय, फक्त वहीच्या कागदावर आकडे. तो कागद सांभाळा. बिल न देणं ही स्वतःच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तक्रारीत त्याचा वेगळा मुद्दा घ्या.

राहिला कापूस. इथं मी तुम्हाला फार आशा लावत नाही, पण सोडूनही देऊ नका. करार मोडल्यावर भरपाई मिळते ती सहज होणाऱ्या नुकसानीची, किंवा जे होईल हे करार करतानाच दोघांना माहीत होतं त्याची. फॅब्रिकेटर म्हणंल मला काय माहीत तिथं कापूस होता. पण "काम झालं" म्हणून त्यानंच मे मध्ये जो फोटो पाठवला त्यात दरवाजामागं कापसाचा ढीग छताला टेकलेला दिसतोय, अन् काम ठरवतानाच्या मेसेजमध्ये तुम्ही "आत माल आहे, पावसाआधी करून द्या" लिहिलंय. हे दोन कागद एकमेकांना जोडून लावा.

नुकसानीचा आकडा मात्र अंदाजानं टाकू नका, पाच लाख तर नकोच, कोणाच्या तरी सांगण्यावरून असे आकडे टाकले की खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास जातो. सातबारावरची कापसाची पीक नोंद लावा. भिजलेला कापूस अजून घरात असेल तर वाळवून, वेगळा काढून, वेगळाच विका, अन् त्याच दिवशी चांगल्या कापसाचं एखादं गाठोडं तिथंच विका म्हणजे एकाच बाजाराच्या एकाच तारखेच्या दोन पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) तुमच्या हातात येतील, दोन भावांतला फरक गुणिले क्विंटल हा तुमचा आकडा. त्यात दुरुस्तीचे १८,५०० परत, दुसऱ्याकडून नीट करून घेतल्यावर त्याहून जास्त लागले तर तेवढा फरक, आणि त्रास अन् खर्चाचे थोडेफार.

पण आधी बँकेत जा. शेवटच्या दिवशी नेट चालत नाही.