रविवारी जेवताना कुणी बोलेना

प्रश्न: ताई, आम्ही सोलापूरचे. सासूबाई जुन्या चर्चच्या, पेटी, पुस्तकातली गीतं, ठरलेली प्रार्थना. धाकटा दीर आता एका फेलोशिपला, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रार्थना-मंडळीला जातो, भाड्याचा हॉल, ड्रम, कीबोर्ड, टाळ्या. त्या म्हणतात हा ऑर्केस्ट्रा आहे, तो म्हणतो तुमच्यात जीवच नाही. कुणाचं बरोबर?

उत्तर: अहो, सासूबाईंना हळूच विचारा, पेटी तरी बायबलमध्ये कुठंय? मिशनऱ्यांनी विलायती चाली आणल्या, मग ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तन आणलं, म्हणजे आजचं जुनं तेव्हा नवीनच होतं ना. आणि दिराला सांगा, आवाज मोठा म्हणजे जीव जास्त असं काही नसतं (हे मी स्वतः ड्रम आवडणारी बाई सांगतेय).

1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या पंथांची चर्च एकत्र आली, त्यात बाळाला बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) देणारे होते आणि मोठं होऊन विश्वासानं घ्या म्हणणारेपण होते, आणि दोन्ही पद्धती ठेवल्या. बाप्तिस्म्यावर जमलं, मग ड्रमवर का अडतंय? बायबलमधल्या रोमकरांच्या पत्रात पौलानं 14 व्या अध्यायात खाण्यावरून, दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नका म्हणून लिहिलंय, ते दोघांना वाचायला द्या.

फक्त फेलोशिपमध्ये बाकी सगळे नरकात असं शिकवत असतील किंवा पैशासाठी मागं लागत असतील तर तो आवडीनिवडीचा विषय नाही, तिथं स्पष्ट बोला.

नाहीतर शनिवारी रात्री भाकरी-शेंगाचटणी झाली की घरातच प्रार्थना ठेवा, एक गीत सासूबाईंचं, एक दिराचं. टाळ्या वाजू द्या.