राख, रद्द झालेलं विमान आणि बालीत अडकलेली सहा माणसं

ताई, सर्वांत आधी दिरांना कळवा की जावा बेटावरच्या सुराबाया शहराला जायची गाडी आज ठरवायची नाही. आणि विमान कंपनीच्या ॲपवर ‘तिकीट रद्द करा’ असं जे बटण दिसतंय, त्याला कुणीही हात लावायचा नाही. एवढं केलंत की बाकीचं सावकाश वाचा.

ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी: ताई, त्यांचा नवरा, दोन मुलं आणि सत्तरीपुढचे सासू-सासरे बालीतल्या उबुदला आहेत. इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे परतीचं विमान रद्द झालंय. नवी तारीख मिळत नाही, एजंट फोन उचलत नाही. दीर घरून सांगताहेत की फेरीनं जावा बेटावर जा आणि तिथून विमान पकडा. सासऱ्यांची बीपी-शुगरची औषधं संपत आलीत, मुलाची परीक्षा तोंडावर आहे, आणि बाहेर आकाश तर निळंशार आहे. मग विमान का उडत नाही, असा त्यांचा वैतागलेला प्रश्न आहे.

त्या वैतागापासूनच सुरुवात करतो. लेवोतोबी बालीपासून सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला आहे. जमिनीवर राखेचा कणही पडलेला नसतो, आणि तरी विमानं रद्द होतात, कारण प्रश्न जमिनीचा नसून वरच्या हवेचा आहे. ७ जुलै २०२५ च्या उद्रेकात तिथल्या राखेचा खांब १८ किलोमीटरपर्यंत चढला होता. प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून उडतात. पूर्वेचा वारा असेल तर हीच राख बालीच्या हवाई मार्गांवर पसरते. ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. खडकाचा आणि काचेचा बारीक चुरा असतो. सुमारे ११०० अंशांना तो वितळतो, जेट इंजिनाच्या आत त्याहून जास्त तापमान असतं, आणि वितळलेली काच आतल्या पात्यांवर जाऊन बसते. विमानाचं हवामान रडार पाऊस दाखवतं. ही कोरडी, बारीक राख त्यात दिसत नाही.

२४ जून १९८२ च्या रात्री क्वालालंपूरहून पर्थला निघालेलं एक जंबो जेट जावावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. बरंच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि घासून धुरकट झालेल्या काचांमधून बघत वैमानिकांनी ते जकार्ताला उतरवलं. सगळे वाचले. पण तेव्हापासून या धंद्यातला कुठलाही शहाणा माणूस राखेशी जुगार खेळत नाही. सासरे ‘आकाश तर स्वच्छ आहे’ म्हणाले की त्यांना ही गोष्ट सांगा, पटेल.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे सगळे गोंधळतात: देनपसारचा, म्हणजे बालीचा विमानतळ सुरू असणं आणि तुमचं विमान सुरू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानतळावर कागद ठेवून त्यावर राख पडते का ते तपासतात. कागद कोरा निघाला की विमानतळ उघडा राहतो. पण तुमच्या विमानाच्या वाटेवर राख असेल तर ती कंपनी उडत नाही, आणि शेजारच्या काउंटरवरची दुसरी कंपनी वेगळ्या दिशेला जाणार असल्यामुळे उडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमकं हेच झालं: विमानतळ चालू आणि ऑस्ट्रेलियाकडची ढिगानं विमानं रद्द. १८ जून २०२५ ला तर दिल्लीहून बालीला निघालेलं एक विमान हवेतूनच परत दिल्लीला वळवावं लागलं. त्यामुळे ‘विमानतळ सुरू’ अशी बातमी वाचून सामान घेऊन तिकडे धावू नका. तुमच्या कंपनीचा तुमच्या विमान क्रमांकाबद्दलचा संदेश तेवढा खरा.

कंपनी परवाचं का सांगत नाही? कारण परवाचं तिलाही ठाऊक नसतं. त्या भागातल्या राखेचा अंदाज ऑस्ट्रेलियातलं डार्विनचं केंद्र देतं. तो दर सहा तासांनी नवा येतो आणि पुढच्या अठरा तासांपर्यंतच जातो. म्हणून ‘उद्या सकाळी कळवतो’ हे उत्तर ऐकून चिडू नका, ते बहुतेक वेळा टोलवाटोलवीचं नसतं. डोंगर शांत झाला किंवा वारा फिरला की चित्र भराभर बदलतं. २०१७ मध्ये बालीतल्याच आगुंग पर्वताच्या राखेनं २७ नोव्हेंबरला विमानतळ बंद पडला आणि २९ तारखेला उघडला. मी तेव्हा तिथेच होतो. पहिल्या दिवशी ज्यांनी घाईनं मिळेल ते तिकीट दामदुपटीनं घेतलं, त्यातल्या बऱ्याच जणांची नवी विमानंही रद्द झाली.

आता जावाचा बेत. उबुद ते बालीच्या पश्चिम टोकाचं गिलिमानुक बंदर, तिथून बालीची सामुद्रधुनी ओलांडून जावावरचं केतापांग बंदर, आणि पुढे रस्त्यानं किंवा रेल्वेनं सुराबाया. समुद्राचा टप्पा तासाभराच्या आतला, पण सगळं मिळून अर्ध्या दिवसाहून जास्त जातो. विमानं बंद असताना बंदरावर रांग वाढते ती वेगळीच. सामुद्रधुनीत ओढ जोरकस असते. २ जुलै २०२५ च्या रात्री याच मार्गावर एक फेरी बुडून माणसं गेली. ती वाट वाईटच आहे असं मी म्हणत नाही, हजारो लोक रोज जातात. पण रात्रीची फेरी, वादळी हवा, सत्तरीतली दोन माणसं आणि मुलं हे एकत्र करायचं कारण अजून तुमच्याकडे नाही. शिवाय सुराबायाहून पुढे सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलावंच लागेल, आणि राख पश्चिमेला सरकत असेल तर ती त्या वाटेवरही येऊ शकते. जायचंच झालं तर पहाटे निघा आणि लक्षात ठेवा की जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे आहे. पुढच्या गाडीची वेळ त्या हिशेबानं बघा.

सुराबायाला जाणं मला दोनच परिस्थितींत शहाणपणाचं वाटतं. एक, तुमच्याच कंपनीनं लेखी कळवून त्याच तिकिटावर सुराबायाहून जागा दिली तर. दोन, विमानतळच बंद पडला आणि तो बंद राहणार असं दिसू लागलं तर. आगुंगच्या वेळी अशीच स्थिती होती, तेव्हा प्रवाशांना सुराबायाला न्यायला बसही सोडल्या होत्या.

आता पैसे आणि तिकीट, म्हणजे लोक सर्वांत जास्त जिथे अडकतात तो भाग. कंपनीनं विमान रद्द केलं की तुमच्यापुढे साधारण दोन पर्याय येतात: पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान. तुम्ही स्वतः आधी रद्द केलंत तर हा हक्क बहुधा जातो आणि उरतो तो तुमच्या तिकिटाच्या प्रकारातला कापून-छाटून मिळणारा परतावा. विम्याच्या दृष्टीनंही ते ‘स्वेच्छेनं रद्द’ ठरतं. शिवाय पैसे परत घेतलेत की तुम्हाला घरी पोचवायची कंपनीची जबाबदारी तिथेच संपते. मग नवं तिकीट आजच्या भावानं तुम्ही घ्यायचं, सहा माणसांचं. म्हणून पैसे न मागता दुसरं विमानच मागा.

एजंटच्या नादी लागू नका. त्याचा बुकिंग क्रमांक वेगळा आणि विमान कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा. ई-तिकिटावर पीएनआर शोधा, तो कंपनीच्या ॲपमध्ये टाका आणि स्वतःचा फोन नंबर, ईमेल तिथे नोंदवा. एजंटनं बऱ्याचदा त्याचाच नंबर घातलेला असतो आणि बदलाचे सगळे संदेश त्याच्याकडे जाऊन पडतात. ॲपमध्ये विनामूल्य बदलाची सोय दिसली तर फोनच्या रांगेत न थांबता तीच वापरा.

सहा जागा एका विमानात मिळेनात, तर पीएनआर दोन भागांत तोडून मागा: एक मोठं माणूस सासू-सासऱ्यांबरोबर, एक मुलांबरोबर. घरच्यांना हे आवडत नाही, ‘गेलो तर सगळे एकत्र’ असा हट्ट असतो. माझं मत स्पष्ट आहे, औषधं संपत आलेला माणूस आधी घरी पोचावा. मात्र तोडण्याआधी दोन्ही गटांच्या जागा पक्क्या झाल्यात का ते विचारून घ्या.

नव्या तिकिटात सिंगापूर येत असेल तर नीट बघा. दोन वेगवेगळी तिकिटं असतील तर मधे इमिग्रेशनमधून बाहेर पडून सामान घ्यावं लागू शकतं आणि भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला आधी काढलेला व्हिसा लागतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी ओळखही दाखवत नाही. एकाच तिकिटावरचा, सामान थेट जाणारा प्रवास महाग पडला तरी तोच घ्या.

नुकसानभरपाईची आशा मात्र सोडा. नैसर्गिक आपत्तीसाठी ती द्यायची सक्ती डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांतही नाही. हॉटेल-जेवणाचं कंपनीगणिक वेगळं असतं, काउंटरवर विचारायला लाजू नका. (युरोपात प्रकार निराळा आहे. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीनं तिकडचं आकाश जवळपास आठवडाभर बंद पाडलं होतं. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयानं ३१ जानेवारी २०१३ ला निकाल दिला की भरपाई नसली तरी अडकलेल्यांची राहण्या-जेवणाची सोय कंपनीनं करायलाच हवी. युरोपातून उडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, तुम्हाला ते लागू नाही.)

विम्याचं आजच करा. तुमची पॉलिसी उद्रेकाच्या आधी काढलेली आहे, हे चांगलं. बातमी जाहीर झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत ती घटना ‘आधीच माहीत असलेली’ धरतात आणि दावा फेटाळतात. विमान कंपनीकडून विमान रद्द झाल्याचं आणि त्याचं कारण सांगणारं लेखी पत्र किंवा ईमेल घ्या. ‘ऑपरेशनल कारण’ असं मोघम लिहून आलं तर परत पाठवा आणि ज्वालामुखीची राख असा स्पष्ट उल्लेख मागा, दावा त्या एका ओळीवर अडतो. वाढीव हॉटेल, टॅक्सी, औषधं यांच्या पावत्या जपा. आणि पॉलिसी कोणत्या तारखेला संपते ते बघा. परतीच्या मूळ तारखेलाच संपत असेल तर संपण्याआधी मुदत वाढवून मागा. काही पॉलिसींत अशा वेळी मुदत आपोआप वाढते, पण सासरे बरोबर असताना त्यावर विसंबू नये. विमान कंपनीपेक्षाही मला हीच गोष्ट जास्त तातडीची वाटते.

औषधांचं आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिथे चालेलच असं नाही. गोळीच्या पाकिटावर छापलेलं मूळ द्रव्याचं नाव आणि मिलिग्रॅम यांचा फोटो काढा, भारतातल्या तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी व्हॉट्सॲपवर मागवा आणि ‘आपोतेक’ अशी पाटी असलेल्या औषधांच्या दुकानात दाखवा. इन्सुलिन असेल तर शेवटच्या पेनपर्यंत थांबू नका.

व्हिसाची काळजी तुम्हाला तूर्त नाही. व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा असतो, एकदा वाढवता येतो आणि तुमचे अजून बरेच दिवस हातात आहेत. ज्यांचे संपत आलेत त्यांनी मात्र हयगय करू नये. मुदत उलटली तर माणशी रोज दहा लाख रुपिया दंड आहे, तेव्हा आधीच इमिग्रेशन कार्यालय गाठावं. बालीत भारताचं वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्ट हरवला किंवा कुणी गंभीर आजारी पडलं तर तिथे जा. विमानात जागा मिळवून देणं हे त्यांचं काम नाही.

राहायला उबुदलाच राहा. विमानतळावर मुक्काम ठोकून काही लवकर मिळत नाही, तिथल्या फरशीवर सासूबाईंची पाठ मात्र जाते. जागा पक्की झाली की आदल्या दिवशी विमानतळाजवळच्या तुबान किंवा जिंबारानकडे या, कारण उबुदहून येताना रहदारीत दीड-दोन तास सहज जातात.

एक इशारा. हा ‘थांबा’चा सल्ला दूरच्या राखेपुरता आहे. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा खूप वेळ हलली तर कुठल्याही संदेशाची वाट न बघता उंचावर चालू लागा. इंडोनेशियात त्सुनामी काही मिनिटांत पोचलेली आहे, २८ सप्टेंबर २०१८ ला सुलावेसी बेटावरच्या पालू शहरात तसंच झालं. आणि उद्या बालीतलाच आगुंग जागा झाला तर त्याच्या भोवतीचा सरकारनं आखलेला घेर सोडायचा. ज्वालामुखींच्या इशाऱ्यांच्या चार पायऱ्या असतात: नॉर्मल, वासपादा, सियागा, आवास. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ हे तिथल्या सरकारी संस्थेचं ॲप आहे, त्यात ते दिसतं. कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओंपेक्षा ते बघा. त्यातले निम्मे जुने असतात, आणि दिरांनी पाठवलेला तो लाल लाव्ह्याचा व्हिडिओ लेवोतोबीचाच आहे असं धरून चालू नका.

मुलाच्या परीक्षेचं सोपं आहे. विमान कंपनीचं तेच लेखी पत्र आज वर्गशिक्षिकांना ईमेल करा, आणि पुढचं विमान पक्कं झाल्यावर नवी तारीख कळवा. पीएनआर ॲपमध्ये टाकल्यावर काय पर्याय दिसतात ते इथे लिहा, म्हणजे कोणता घ्यायचा ते बघू.