हायवे रुंद झाला, पण मोरीचं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: आमच्या शहरातून जाणारा महामार्ग चौपदरीचा सहापदरी होणार आहे, शहराच्या बाकी व्यवस्थेवर त्याचा काय परिणाम होईल, आणि मुंबईत काय अनुभव आला?

मी मुंबईत रस्त्याच्या कंत्राटांवर सुपरवायझर म्हणून अकरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला उन्हात उभं राहून. ट्रॅफिकबद्दल इतर जण लिहितीलच. मी पाण्यापासून सुरुवात करतो, कारण लेन वाढवताना त्याची आठवण सगळ्यात शेवटी होते.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा उतार बघा. पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर, पश्चिमेला खाडी आणि समुद्र. दहिसर, पोयसर, ओशिवरा या तिन्ही नद्या डोंगरात उगम पावून पश्चिमेला जातात. हायवे त्यांना आडवा, उत्तर-दक्षिण. म्हणजे डोंगरावरच्या पाण्याने आधी हायवेखालून, मग रेल्वेखालून, मग एस. व्ही. रोडखालून वाट काढायची. रस्ता रुंद केला की खालची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची बांधीव वाट, तेवढी जास्त लांब होते, आणि लांब मोरीचा गाळ मधोमध बसतो, जिथे धड मशीनही पोचत नाही. तुम्ही हायवेखाली नवी ऐसपैस मोरी बांधलीत आणि पुढची रेल्वेखालची जुनीच राहिली, तर पाणी तिथे जाऊन थांबणार. त्यात समुद्राला भरती असली की झालंच.

शहराची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० वर न्यायला सांगितलं. त्या कामाला खरा जोर आला तो २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर. शिवाय रस्त्याची मातीची कड डांबराखाली किंवा काँक्रीटखाली गेली की तिथे मुरणारं पाणीसुद्धा त्याच गटारात येतं.

आता जमिनीखालच्या लाइनी. पाणी, मलनिःसारण, वीज, गॅस, फोनच्या केबल, सगळ्यांचं घर रस्त्याच्या कडेलाच, आणि रुंदीकरणात नेमकी तीच कड जाते. त्या हलवायच्या कामाला साइटवर ‘युटिलिटी शिफ्टिंग’ म्हणतात, आणि ते कधीच वेळेत होत नाही. गोरेगावजवळ एकदा आमच्याकडच्या नकाशात पाण्याची लाइन दुभाजकाच्या बाजूला दाखवली होती. सर्व्हिस रोडच्या कडेला जेसीबीने पहिला खड्डा घेतला, आणि चार फुटांवर खण्णकन आवाज. बिडाची जुनी लाइन. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत उडालं. ऑपरेटर जेसीबी तसाच सोडून उतरला. अर्ध्या तासाने पालिकेचं पाणी सोडणारा चावीवाला आला, खांद्यावर ती इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी घेऊन. एका टपरीची फळी बाजूला करायला लावली, खालचं झाकण उघडलं आणि व्हॉल्व्ह फिरवायला लागला. म्हणाला, “नकाशा कशाला बघता? मला विचारायचं ना. ही चावी मी वीस वर्षं फिरवतोय.” मागच्या तीन सोसायट्यांना दोन दिवस टँकर. शिव्या अर्थातच आम्हाला, आणि आमचे साहेब त्या दोन दिवसांत साइटवर फिरकले नाहीत.

ट्रॅफिकचं थोडक्यात सांगतो. गाड्या रुंद रस्त्यावर अडत नाहीत, तो संपतो तिथे अडतात. पूर्व मुक्त मार्ग, म्हणजे ईस्टर्न फ्रीवे, २०१३-१४ मध्ये सुरू झाला. दक्षिण मुंबईतून भुर्रकन यायचं आणि घाटकोपरजवळ तो संपतो तिथे, छेडानगरला, येऊन उभं राहायचं, असं कित्येक वर्षं चाललं.

दोन खात्यांची कामं एकमेकांना भेटतात तिथे तर गंमतच असते. अंधेरीचा गोखले पूल पाडून नवा बांधला, तो रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे उंच झाला आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळेना. शेवटी बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला, तेव्हा कुठे जुलै २०२४ मध्ये दोन्ही जोडले गेले. लोकांनी तोवर विनोद करून घेतले, पण नुसतं हसण्यावारी न्यायचं प्रकरण ते नाही.

तर तुमच्या शहरात जनसुनावणी झाली तर लेन किती, उड्डाणपूल कुठे, यावर वेळ घालवू नका, ते ठरलेलंच असतं. मोऱ्यांचा तक्ता मागा. प्रत्येक मोरीची आजची रुंदी, नवी रुंदी, आणि तिथून पुढे पाणी ज्या मोरीतून किंवा नाल्यातून जातं त्याची रुंदी, या तीन रकान्यांत काय लिहिलंय ते वाचा. तिसरा रकाना बहुतेक कोराच असेल, तिथेच बोट ठेवा. आणि खोदाई सुरू व्हायच्या आधी नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला इंजिनिअरसोबत साइटवर एक चक्कर मारायला लावा. चहाचे पैसे कंत्राटदाराला देऊ द्या.