लहान चणीच्या मुलाला टॅकल फुटबॉल खेळू द्यावं का?

तुमचा मुलगा ११ वर्षांचा, पाचवीत, वजन ६८ पौंड, राहणं डॅलसच्या उपनगरात आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनी टॅकल फुटबॉलला (समोरच्याला धडकून खाली पाडायचा अमेरिकन फुटबॉल) नावं घातलेली. नवरा म्हणतो खेळू दे, सासूबाई ठाण्याहून फोनवर म्हणतात पोराची हाडं मोडतील. तुम्ही मधल्या मध्ये अडकलात. आमच्याकडे दोन्ही मुलगे याच गावांमध्ये वाढले, दोघेही खेळले आणि थोरला तुमच्या लेकासारखाच किडकिडीत होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. सहावी संपेपर्यंत फ्लॅग, म्हणजे पाडापाडी नसलेला प्रकार, खेळवा. टॅकलचं सातवीत शाळेच्या संघाच्या वेळी बघा. आणि तेव्हाही नुसता वजनाचा आकडा बघून नाही म्हणू नका.

सासूबाईंना भीती हाडांची आहे. मोडलेलं हाड या वयात बहुतेक वेळा नीट जुळतं. (हाडाच्या टोकाशी मार बसला तर मात्र ऑर्थोपेडिककडे जाच, तिथे वाढीची पट्टी असते.) माझी काळजी डोक्याची आहे, आणि तिथे थोराड पोरगंही सुटत नाही. हायस्कूल-कॉलेजात डोक्याला सगळ्यात जास्त वेळा धक्के बसतात ते लाइनमनना, म्हणजे पुढच्या रांगेतल्या आडदांड मुलांना, कारण दर स्नॅपला (बॉल खेळात आला की) ते समोरच्यावर आदळत असतात. एकेक धक्का फार मोठा नसतो, पण मोजदाद वाढत जाते. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका सीझनमध्ये टॅकल खेळणाऱ्या मुलाच्या डोक्याला बसलेल्या धक्क्यांचा मध्यक (निम्म्या मुलांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) होता ३७८ आणि फ्लॅग खेळणाऱ्याचा ८. जोराच्या धक्क्यांत तर फरक २३ पटींचा. हे वाचल्यावर मला पाचवीतल्या टॅकलची घाई समजेनाशी झाली.

हेल्मेट आहे की, असं नवरोबा म्हणतील. हेल्मेट कवटी फुटू देत नाही. आत मेंदू हलतो तो हलतोच. शिवाय या वयात डोकं जवळपास मोठ्या माणसाएवढं झालेलं असतं आणि मान अजून पोरकट. वर हेल्मेटचं ओझं, म्हणजे काडीवर कवठ ठेवल्यासारखंच. बारीक मुलाच्या बाबतीत खरी अडचण ही मानेची आहे. हायस्कूलमध्ये सॉकर, बास्केटबॉल, लक्रॉस खेळणाऱ्या मुलामुलींवर झालेल्या एका अभ्यासात मानेच्या ताकदीत वाढलेल्या दर पौंडामागे कन्कशनची (मार बसून मेंदू हादरण्याची) शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसली. मानेचे व्यायाम घरी फुकटात होतात, फक्त कोणाकडून तरी नीट शिकून घ्या.

चणीचा प्रश्न खरा पेटतो तो १२ ते १४ या वयात. एकाच वर्गात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून चौथीतला वाटतो. लहानांच्या लीगांनी यावर आपापले तोडगे काढलेत. कुठे वय आणि वजन दोन्ही बघून गट करतात. इथल्या काही लीगमध्ये ठरावीक वजनाच्या वरच्या मुलाच्या हेल्मेटवर पट्टा मारतात आणि त्याला बॉल घेऊन पळू देत नाहीत. नाव घालण्याआधी तुमच्या लीगचा नियम विचारा. पॉप वॉर्नर या मुलांच्या मोठ्या फुटबॉल संस्थेने २०१६ पासून १० वर्षांपर्यंतच्या गटांत किकऑफच (बॉल लांब लाथाडून खेळ सुरू करणं) काढून टाकला, कारण दोन्हीकडची पोरं लांबून पूर्ण वेगात येऊन धडकायची ती तिथेच. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१५ मध्ये टॅकलवर बंदी मागितली नाही, पण डोकं पुढे घालून मारलेली धडक अजिबात चालवून घेऊ नये, मैदानाशेजारी अॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणारा) असावा आणि बिनटॅकलच्या लीग वाढाव्यात, असं सांगितलं.

बाबामंडळी या चर्चेत डॅरेन स्प्रोल्सचं नाव हमखास काढतात. पाच फूट सहा इंच, एवढासा, तरी एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, गाजवली. खरंय, पण त्याचं वजन १९० पौंड होतं! तो बुटका होता, बारीक नव्हता. त्यापेक्षा एनएफएलमधल्याच दिग्गज टॉम ब्रेडीचं उदाहरण द्या. तो हायस्कूलला जाईपर्यंत टॅकल खेळलाच नव्हता.

लेक म्हणेल फ्लॅग म्हणजे बाळांचा खेळ. त्याला सांगा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग आहे, आणि तो निर्णय झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, आपल्या मुंबईत, क्रिकेटच्याच सोबतीने. सासूबाईंनाही हे आवडेल. फ्लॅगमध्ये कंबरेची पट्टी ओढायची असते, त्यामुळे चपळ, सुळकन निसटणारं पोरगं भाव खाऊन जातं. रूट (आधी ठरलेली वाट) पळणं, बॉल झेलणं, समोरच्याचे पाय वाचणं हे सगळं तिथे शिकून होतं. आमचा थोरला सातवीत गेला तेव्हा त्याला शाळेच्या टॅकल संघात रिसीव्हर (लांबून फेकलेला बॉल झेलणारा) म्हणून घेतलं ते याच जोरावर. धडक द्यायला तो त्या शाळेच्या संघातच शिकला, खांदा लावून, डोकं बाजूला ठेवून.

सातवीत टॅकलला गेलात तर पहिल्या आठवड्यात प्रॅक्टिसला जाऊन कुंपणाशी उभ्या राहा. कोच दोन मुलांना लांब उभं करून एकमेकांवर सोडतोय का? 'डोकं वर' असं ओरडतो का, की नुसता आवाज आला की टाळ्या पिटतो? ऑगस्टच्या उन्हात पाण्यासाठी थांबवतो का? हेल्मेट स्वतः तपासा. कड भुवयांच्या साधारण इंचभर वर हवी. समोरची जाळी धरून डावी-उजवीकडे हलवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकायला हवी. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे, आणि बारीक मुलांना हटकून मोठंच मिळतं.

आणि डोकं दुखलं, गरगरलं, उजेड सहन झाला नाही तर लगेच मैदानातून बाहेर. पोरं हे लपवतात, जागा जाईल म्हणून, तेव्हा मॅचनंतर गाडीत सहज विचारत चला. टेक्सासमध्ये २०११ च्या कायद्याने शाळेच्या खेळाडूला कन्कशननंतर डॉक्टरने लेखी परवानगी दिल्याशिवाय मैदानात उतरवता येत नाही, आणि त्यासोबत पालकांची सहीही लागते. कोच कितीही मागे लागला तरी ती सही घाईत करू नका.