कोल्हापुरात एक दिवस मोकळा आहे. चित्रं बघायला कुठं जावं?

आधी टाऊन हॉल म्युझियम. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतली ती टोकदार छपराची जुनी इमारत. इमारतीचे फोटो सगळेच काढतात, आत फार थोडे जातात. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती इथंच आहे. वीतभरही नाही. रोमन बनावटीचा समुद्रदेव आणि सापडला पंचगंगेच्या काठी! जवळ जाऊन बघा, नाहीतर नुसती पुढं निघून जाल.

मग तिथलंच चित्रांचं दालन. चित्रकार आबालाल रहिमान (निधन १९३१) यांच्या चित्रांपाशी वेळ घालवा. रंकाळा, कोटितीर्थ ही तळी आपण रोज बघतो, पण पाण्यावरचा तो उजेड त्यांच्या चित्रातच दिसतो.

दुपारी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. सिनेमातले चंद्रकांत सगळ्यांना ठाऊक, त्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग (भुकटी घासून छटा देत काढलेली चित्रं) मात्र कमी लोकांना. त्यांचं घरच असल्यानं गर्दी नाही, निवांत बघता येतं.

न्यू पॅलेसला शस्त्रं आणि शिकारीचे प्राणी जास्त, चित्रांसाठी मी तिथं पाठवणार नाही. चालू प्रदर्शन हवं असेल तर दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात डोकवा. तिथं चित्रकार स्वतःच उभा असतो, खुशाल प्रश्न विचारा.