नेकला कोणता हंबकर बसवावा: जॅझ, फिफ्टी-नाइन की अल्निको टू प्रो?

तुमची गिटार महोगनीची, २२ फ्रेटची. ब्रिजला सेमूर डंकन कंपनीचा जेबी हा हंबकर, म्हणजे तारांचं कंपन उचलणारा दोन कॉइलचा पिकअप आहे आणि नेकच्या पिकअपवर गेलं की जाड तारा गढूळ वाजतात, म्हणून तिथे डंकनच्याच या तिघांपैकी कोणता बसवावा, असं तुम्ही लिहिलंय. वाजवता क्लीन कॉर्ड्स आणि थोड्या गेनवरचे, म्हणजे अँपमधून जरा फाटलेल्या आवाजाचे सोलो. एवढ्यावरून माझं मत जॅझला. पण ऑर्डर टाकण्याआधी स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी घेऊन बसा.

२२ फ्रेटच्या गिटारीत नेक पिकअप साधारण चोविसावा फ्रेट असता त्या जागी, म्हणजे ब्रिजपासून तारेच्या पाव लांबीवर येतो. तिथे तार ब्रिजपेक्षा खूप जास्त हलते, मूळ स्वर भरपूर उचलला जातो आणि बेस फुगतो. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपपासून तारेपर्यंतचं अंतर बघा. दीड मिलिमीटर भरलं तर पिकअप फारच वर आहे. बेसची बाजू तीनपर्यंत उतरवा, पातळ तारांची अडीचच्या आसपास ठेवा. मग पातळ तीन तारांखालचे पिकअपवरचे पोल स्क्रू अर्धा-अर्धा फेरा वर घ्या. आवाज थोडा पडेल, तो अँपवर भरून निघतो. गढूळपणा मात्र अँपच्या बेस नॉबने काढायला गेलात तर जेबीही पोकळ वाजू लागतो.

व्हॉल्यूम पॉटही, म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबखालचा भागही तपासा. हंबकरला सहसा ५०० के (किलोओहम) लावतात. २५० के असेल तर ट्रेबल तिथेच दबतोय.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर पिकअप बदला. फिफ्टी-नाइन घडलाय तो जुन्या पीएएफच्या वळणावर. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत हंबकर तयार केला, १९५५ साली पेटंटचा अर्ज गेला, आणि त्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ लेबलावरून पीएएफ हे नाव पडलं. फिफ्टी-नाइनचा बेस भरदार आणि मिड्स (मधले स्वर) जरा मागे. एकट्याने ब्लूज वाजवायला सुंदर, पण तुमची तक्रारच बेसची आहे. अल्निको टू प्रोचं मॅग्नेट सौम्य असल्याने घाव मऊ येतो, सोलो गातात. बेस मात्र सैल. जॅझमध्ये अल्निको ५ मॅग्नेट आहे, बेस घट्ट, ट्रेबल मोकळा. गेनवर कॉर्ड वाजवला तरी त्यातली एकेक तार वेगळी ऐकू येते, मला तो आवडतो तो याचसाठी. आपल्याकडे गणपतीत मंडळाच्या स्टेजवर वाजवत असाल तर हे फार कामाला येतं. बेस गिटार आणि कीबोर्डचा डावा हात खालची जागा आधीच व्यापून बसलेले असतात.

कॉइलच्या रेझिस्टन्सच्या, म्हणजे ओहमच्या आकड्यांवरून निवड करू नका. जेबी सोळा किलोओहमच्या वर, जॅझ आठच्या आत, म्हणून तो कमी पडेल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. नेकजवळ तार जास्त हलते, त्यामुळे कमी वेटोळ्यांचा पिकअपही तिथे पुरेसा बोलतो. शिवाय कॉइलची तार बारीक वापरली तरी ओहम वाढतात. डंकन स्वतःच जेबी आणि जॅझची जोडी एका सेटमध्ये विकतात.

नाशिकात हे तिन्ही शेजारी-शेजारी लावून ऐकायला मिळणं अवघडच, म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना फक्त क्लीन, जाड तारांवरचे तुकडे ऐका. गेनमध्ये सगळेच गोड वाटतात.

बसवताना डंकनची काळी वायर हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओ या दुसऱ्या पिकअप कंपनीचे रंग वेगळे, तिथे लाल हॉट असते. इंटरनेटवरची कुठलीही आकृती उचलण्याआधी कंपनी बघा. लाल-पांढरी जोडी आखूड कापू नका. पुढेमागे पुश-पुल पॉट (ओढून स्विचसारखा वापरायचा नॉब) लावून कॉइल स्प्लिट करायचं, म्हणजे एकच कॉइल वाजवायची ठरलं, तर तीच लांबी हाताशी लागेल.