लॅपटॉप दुपारीच काहून बंद पडते?

प्रश्न: भाऊ, माह्या लॅपटॉप ८ वर्षं जुना आहे, गावातल्या लोकायचे पीक विम्याचे फॉर्म त्याच्यावरच भरतो. सकाळी बरा चालते पण दुपारी अर्ध्या तासात धाडकन बंद होते. नवीन घ्याची ऐपत नाही, काय करू?
(एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: भाऊ, सकाळी चालते अन् दुपारी बंद पडते हे तुम्ही नीट पाहिलं, त्याच्यातच अर्धं उत्तर आहे. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचं सगळं काम करणारी मुख्य चिप, १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होते, अन् बरेचसे लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आपल्याकडं मे मध्ये पारा ४५ ला जाते. त्यात कापसाचे तंतू अन् धूळ पंख्याच्या जाळीत घट्ट बसते. चार्जर काढून, बंद करून, मागचं झाकण उघडा अन् ब्रशनं साफ करा, थर्मल पेस्टही (प्रोसेसरची गरमी बाहेर काढायला त्याच्यावर लावलेला लेप) बदलून घ्या, एवढ्या वर्षांत ती वाळलीच असेल. गादीवर ठेवून तर वापरूच नका.

तरी बंद पडला, अन् तेही चार्जर काढल्यावरच, ३०-४० टक्के दाखवत असताना, तर बॅटरी गेली समजा. ती फुगून टचपॅड वर आलं असेल तर चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, मेकॅनिककडंच न्या. अन् लोकायचे फॉर्म आजच पेनड्राइव्हवर घ्या.